तक्त्यात नसलेला गुलाबी

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास स्प्रिंगमावशींच्या दारात कुणीतरी मळकट फडक्यात काहीतरी गुंडाळून उभं असायचं. गल्लीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, यांना बहुतेक कुठेतरी पुरलेलं धन सापडलंय. जुन्यांना ठाऊक होतं, की फडक्यात ब्रेकचा कॅलिपर नाहीतर सस्पेन्शनची पट्टी असणार, आणि ती आणणाऱ्याचा चेहरा पाच मिनिटांत एक तर फुलणार नाहीतर पडणार.

विषय एकाच गाडीचा. छोटी, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी, छत नसलेली स्पोर्ट्स कार. नदीपलीकडच्या कारखान्यात ती बनायची. कारखान्याला कुलूप लागून जमाना झाला, पण गाडीचे वेडे काही कमी झाले नाहीत. उलट गाडी मिळेनाशी झाली तसे ते वाढले. सुटे भाग संपल्यावर कुणी कुणी ते नव्याने बनवून विकू लागले, आणि मग खरा भाग कोणता नि नक्कल कोणती, यावरून शहाणीसुरती माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली. अशा वेळी पाय वळायचे ते मावशींच्या घराकडे. कारखान्याच्या तपासणी विभागात स्प्रिंगच्या बाकावर त्यांनी बावीस वर्षं काढली होती, आणि या कामात त्यांचा हात धरणारं कुणी उरलं नव्हतं.

मावशींची तऱ्हा न्यारी. मागच्या चाकाचा ड्रम कुणी आणला, की त्या तो दोरीने दाराच्या कडीला टांगायच्या आणि त्यावर चमचा मारायच्या. कारखान्याचा असेल तर बराच वेळ घुमायचा. नकलेचा असेल तर 'ठक्' करून गप्प व्हायचा. मग मावशी चमचा धुऊन परत डब्यात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ब्रेक लागेल हो याने. पण हा आमचा नाही." कॅलिपर आला की त्या बघायच्याच नाहीत. डोळे मिटून आतल्या बाजूने अंगठा फिरवायच्या. तिथे ओतकामाची एक खरबरीत शीर राहून जायची, कारण कारखान्यातल्या घासणाऱ्याचं यंत्र तिथवर पोचायचं नाही आणि पोचवायचा त्याला कंटाळा होता. नक्कल करणारे बिचारे मन लावून सगळं गुळगुळीत करायचे आणि तिथेच फसायचे.

"यांच्यात आळशी माणूस नाही ना एकही," मावशी म्हणायच्या, "म्हणून पकडले जातात."

बाहेरून आलेल्याला वाटे, घरात मावशींचंच राज्य. तसं ते होतंही, फक्त कागदावर नव्हतं. कागदावर राज्य होतं त्यांच्या नवऱ्याचं. कारखान्यात ते तपासणीचे मुकादम होते, आणि निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना म्हणून त्यांनी त्या गाडीच्या ब्रेक आणि सस्पेन्शनच्या एकूण एक भागांचा तक्ता तयार केला होता. कोणत्या भागावर कोणता ओतीव नंबर, कुठे शिक्का, कुठे रंगाचा ठिपका. तेव्हापासून त्यांना सगळे तक्तेकाका म्हणू लागले. गाडीच्या वेड्यांचं जे मंडळ होतं, त्याने तो तक्ता प्रमाण मानला होता. तक्त्याप्रमाणे सगळे भाग जुळले, की गाडीला मंडळाचं 'असलपत्र' मिळे. त्यावर सही काकांची असे. पारख कुणाची असे ते सगळ्यांना माहीत होतं, काका सोडून.

काकांच्या मते तक्त्यात जे आहे तेच जगात आहे. एकदा मावशी बोलून गेल्या, की तक्त्यात नसलेल्याही चार गोष्टी कारखान्यात घडल्या असतील. काका दोन दिवस जेवताना फक्त "मीठ" एवढंच बोलले.

तिसरं राज्य वरच्या मजल्यावर होतं. तिथे काकांची धाकटी बहीण राहायची. नवरा गेल्यावर ती भावाच्या घरी वर राहायला आली. मावशी तिला वन्सं म्हणायच्या. वन्संना गाडीतलं काही कळत नव्हतं आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. त्यांचा मुक्काम वरच्या गॅलरीत. खाली काय चाललंय याच्यावर त्यांची बारीक नजर असे, आणि तोंडाचा पट्टा एकदा सुटला की खालच्या माणसाने हातातलं काम ठेवून नुसतं वर बघत राहावं, असा.

त्या रविवारी दारात फडकं घेऊन कुणी आलं नाही. अख्खी गाडीच आली. पांढरी, धुऊन पुसून लख्ख. चालवणारी होती बाजारपेठेतल्या दवाखान्यातली दातांची डॉक्टरीण. तिच्या हातात दुसऱ्याचा जबडा असताना ती मोठी धीट वाटे, पण आज गाडीतून उतरली ती परीक्षेला आलेल्या मुलीसारखी.

"काका, असलपत्रासाठी आणलीय," ती म्हणाली. "बाबांची गाडी. कारखान्यातून आली तशीच आहे म्हणायचे. एक बूशसुद्धा बदललेलं नाही."

"सगळे असंच म्हणतात," काका चष्मा पुसत म्हणाले.

"हो, आणि बाबा जरा जास्तच म्हणायचे." ती हसली. "तुम्हाला खरं सांगते, माझे बाबा एक नंबरचे थापाडे. वाघाशी झटापट केली म्हणायचे, ती मांजर निघाली. माझ्या काकाने तर कालच ऐकवलं, तुझ्या बापाने आयुष्यात एक गोष्ट खरी सांगितली असेल तर मी मिशी उतरवतो. मला त्या थापांचं काही नाही हो. पण शेवटच्या आठवड्यात इस्पितळात माझा हात धरून म्हणाले, बाकी सगळं सोड, गाडीचं मात्र मी खरं सांगितलंय. ती एक गोष्ट तेवढी..."

मावशींनी तिच्या हातात चहाचा कप दिला आणि काकांना म्हणाल्या, "अहो, जॅक काढा."

दोन तास काम चाललं. काका खुर्चीवर बसून तक्ता वाचायचे आणि मावशी गाडीखाली सतरंजीवर आडव्या होऊन उत्तर द्यायच्या. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी माणसं गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगतात. मावशींना गाडीखाली शिरताना गुडघे असल्याची आठवणच राहत नसे.

"पुढचा कॅलिपर, उजवा?"

"शीर आहे. आमचाच."

"मागचे ड्रम?"

टण्ण, असा आवाज आला. चमचा मावशींनी बरोबर नेला होता. "घुमतोय. आमचाच."

"खालची पट्टी, डावी?"

"भोकाला कानस मारलीय. वाकडी. आमचीच."

एकेका 'आमच्या'सरशी डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळत गेला. ब्रेकच्या नळ्या झाल्या, मास्टर सिलिंडर झाला, शॉक अब्सॉर्बर झाले. वरून वन्संनी विचारलं, "पास झाली का गं गाडी?" खालून मावशी ओरडल्या, "होतेय, होतेय!" उरल्या फक्त पुढच्या दोन स्प्रिंगा.

इथे जरा थांबून सांगायला हवं. कारखान्यात प्रत्येक स्प्रिंग दाबयंत्राखाली ठेवत. ठरलेल्या वजनाखाली ती किती दबते ते काट्यावर बघत. जास्त दबली तर पांढरा ठिपका, मध्यम दबली तर पिवळा, कमी दबली तर हिरवा. एका गाडीला दोन्ही बाजूंना एकाच रंगाच्या स्प्रिंगा बसवायच्या, नाहीतर गाडी एका अंगाला कलायची. ठिपका देण्याचं काम मावशींचं. त्या डावखुऱ्या. त्यामुळे त्यांचा ठिपका नेहमी डावीकडे कललेला असे. काकांनी तक्त्यात ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'पांढरा, पिवळा, हिरवा. ठिपका डावीकडे कललेला. चौथा रंग नाही.'

मावशींनी रॉकेलच्या फडक्याने उजव्या स्प्रिंगवरचं बेचाळीस वर्षांचं काळं ग्रीस पुसलं. एक वेढा, दुसरा वेढा. तिसऱ्या वेढ्यावर रंग दिसला आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

गुलाबी.

त्यांनी डावी स्प्रिंग पुसली. तीही गुलाबी.

"काय आहे?" काकांनी विचारलं.

"पिवळाच असेल हो," गाडीखालून बारीक आवाज आला. "उडालाय जरा."

पण काका खुर्चीवरून उठून विजेरी घेऊन वाकलेच. "पिवळा उडून गुलाबी होतो? बावीस वर्षं तू रंग लावलास आणि हे मला सांगतेस? कुठल्या तरी गॅरेजवाल्याने दुसऱ्या स्प्रिंगा बसवल्यात आणि वरून आपल्यासारखे ठिपके दिलेत. चौथा रंग नाही." त्यांनी तक्ता मिटला. "सॉरी, डॉक्टर. गाडी नापास."

गाडीखालून मावशी बाहेर येईनात. कारण तो गुलाबी त्या ओळखत होत्या. त्या गुलाबीची बाटली त्यांनीच संपवली होती.

बेचाळीस वर्षांपूर्वी त्या नव्या सुनेच्या नवलाईत होत्या. वन्संचं लग्न ठरलं होतं, आणि होणाऱ्या नवऱ्याने वन्संना पहिली भेट म्हणून एक गुलाबी पर्स आणि त्याच रंगाच्या नेलपॉलिशची बाटली दिली होती. वन्संनी ती कपाटात अशी जपून ठेवली होती, की जणू लग्न त्या बाटलीशीच लागणार आहे. मावशींनी आयुष्यात नेलपॉलिश लावलं नव्हतं. मागायची हिंमत नव्हती. एका सकाळी त्यांनी ती बाटली हळूच पिशवीत टाकली. जेवणाच्या सुट्टीत एका नखाला लावून बघायचं आणि संध्याकाळी परत कपाटात, एवढाच बेत होता.

पण दुपारी पिवळा रंग संपला. अठरा स्प्रिंगा उरलेल्या. भांडारपालाने मुकादमाच्या सहीशिवाय डबा द्यायला साफ नकार दिला, आणि मुकादम, म्हणजे आपले काका, बहिणीच्या लग्नाच्या खरेदीला गेलेले. तिकडे गाड्या जोडणारा मिस्त्री दारात उभा राहून शंख करत होता. मावशींनी पिशवीतून बाटली काढली आणि अठराच्या अठरा स्प्रिंगांना ठिपके देऊन टाकले. मिस्त्रीला सांगितलं, गुलाबी म्हणजे पिवळाच समज. मिस्त्रीला रंगाशी काही घेणंदेणं नव्हतं. नऊ गाड्या गेल्या. बाटलीत उरला नुसता ब्रश. ती त्यांनी परत येताना नदीत टाकली आणि घरात ताकास तूर लागू दिली नाही.

त्या दिवशीचं आणखी एक त्यांना पक्कं आठवत होतं, ते म्हणजे सासूबाई. सासूबाई रोज संध्याकाळी मोरीपाशी साबण आणि घासायची वजरी काढून ठेवायच्या, कारखान्यातून आलेल्या सुनेने हात धुऊनच ताटावर यावं म्हणून. त्या दिवशी जवळ उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "नीट धू गं. नखांच्या कडेला राहतं." बाकी काही बोलल्या नाहीत. घरात बाटलीवरून नंतर काय झालं, ते मावशींना कधी नीट कळलं नाही. चार दिवस वन्संचा चेहरा सुजलेला होता, आणि विचारायची सोय नव्हती.

आता इतक्या वर्षांनी हे उकरून काढायचं? तेही वन्सं डोक्यावर गॅलरीत उभ्या असताना? मावशींनी ठरवलं, मूग गिळून गप्प बसायचं. गाडीला असलपत्र नाही मिळालं तर आभाळ कोसळत नाही.

डॉक्टरीणबाईंनी रिकामा कप कट्ट्यावर ठेवला. गाडीच्या टपोऱ्या दिव्यावरून एकदा हात फिरवला आणि ती स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे हेही खोटंच होतं, बाबा."

मावशी गाडीखालून अशा तडक बाहेर आल्या, की डोकं बंपरला आपटलं.

"खोटं नव्हतं!" त्या कपाळ चोळत ओरडल्या. "तुझा बाप खरं बोलत होता. या स्प्रिंगा कारखान्याच्याच. गुलाबी ठिपका मी दिलाय. पिवळा संपला होता. नेलपॉलिश लावलंय मी त्यांना!"

काकांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"नेलपॉलिश?"

"हो."

"माझ्या विभागात?"

"तुम्ही नव्हता त्या दिवशी. खरेदीला गेला होता."

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्यांच्यातला मुकादम नवऱ्याच्या पुढे धावला. "नुसतं बोलून चालणार नाही. पुरावा? मंडळ विचारेल. बायको म्हणाली म्हणून पास केली, असं लिहू का मी तक्त्यात?"

"ठिपका बघा ना कसा कललाय."

काका वाकले. ठिपका डावीकडे कललेला होता. तीन बारीक फटकारे, ब्रश लहान होता म्हणून. हे त्यांच्याच तक्त्यात लिहिलेलं असल्यामुळे त्यांची पंचाईत झाली. "कललाय," ते नाइलाजाने म्हणाले. "पण रंगाचं काय? त्या दिवशी कारखान्यात हाच गुलाबी होता, हे सांगणारं आहे का कुणी?"

मावशींनी डोळे मिटले. सांगणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते गॅलरीतून दिसेनासं झालं होतं. जिन्यावर चपला वाजत होत्या.

वन्सं आल्या त्या हातात पर्स घेऊनच. कोपरे झिजलेली, बंद तुटलेली, पण गुलाबी. त्या सतरंजीवर टेकल्या, मग सरळ पालथ्या झाल्या आणि गाडीखाली हात घालून त्यांनी ती पर्स स्प्रिंगला लावून धरली. काकांनी विजेरी मारली. पर्स कुठे संपते आणि ठिपका कुठे सुरू होतो, ते सांगता येईना.

"हाच तो," वन्सं म्हणाल्या. ड्रमवर चमचा मारल्यावर मावशी ज्या खात्रीने बोलायच्या, त्याच खात्रीने. "दुसरा असूच शकत नाही. आमच्या ह्यांनीच आणला होता."

आता स्फोट होणार म्हणून काका दोन पावलं मागे सरकले. मावशींनी पदर गच्च धरला. "वन्सं, मी..."

पण वन्सं उठून बसल्या आणि त्या ठिपक्याकडेच बघत राहिल्या. बोटाने त्याला हलकेच स्पर्श केला. "नखांना लावलं असतं तर महिन्यात संपलं असतं गं," त्या म्हणाल्या. "हे बघ, अजून आहे." मग एकदम वळल्या. "पण वहिनी, आई तर म्हणाली होती, झाडताना बाटली तिच्या हातून पडून फुटली."

"कोण? आई?" मावशी दचकल्या.

"मग काय. मी तिला वाट्टेल ते बोलले. लग्नाला आठ दिवस उरलेले, आणि चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती म्हणायची, चुकले गं बाई, म्हातारी झाले, हात थरथरतात." वन्संनी पर्स मांडीवर ठेवली. "थरथरत नव्हते तिचे हात. सुईत दोरा ओवायची ती तेव्हा."

मावशींना मोरी दिसत होती, साबण, वजरी, आणि शेजारी उभी असलेली सासू. त्या दिवशी त्यांनी ग्रीसला हात लावलेलाच नव्हता. दिवसभर फक्त ठिपके दिले होते. नखांच्या कडेला राहण्यासारखं होतं ते एकच. सासूबाईंनी बघितलं होतं. बघितलं, वजरी पुढे केली, आणि मग आत जाऊन लेकीच्या शिव्या खाल्ल्या.

काकांना यातलं निम्मंच समजलं, पण तेवढं पुरलं. त्यांनी तक्ता उघडला, 'चौथा रंग नाही' या ओळीवर रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: 'गुलाबी. फक्त नऊ गाड्या.' कारण काय लिहावं यावर ते बराच वेळ अडले. शेवटी 'रंग संपल्यामुळे' असं लिहिलं आणि असलपत्रावर सही ठोकली.

डॉक्टरीणबाईंनी ते पत्र दोन वेळा वाचलं आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. "माझ्या काकाला फोन करते," ती म्हणाली. "मिशी उतरवायला सांगते." मग मावशींना त्यांच्या काळ्या हातांसकट तिने गच्च मिठी मारली. तिचा पांढरा सदरा ग्रीसने बरबटला, तरी तिला त्याचं काही नव्हतं. वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ती हॉर्न वाजवत गेली.

जेवायची वेळ झाली होती. मावशी मोरीपाशी बसल्या आणि हात चोळू लागल्या. बाजूला वन्सं येऊन उभ्या राहिल्या. आता तरी पट्टा सुटणार म्हणून मावशींनी मान खाली घातली. पण वन्संनी फळीवरची वजरी काढली, त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि रोजचंच म्हणावं तसं म्हणाल्या,

"नीट धू गं. नखांच्या कडेला राहतं."

आपण कुणाचे शब्द बोललो ते वन्संना कळलंच नाही. मावशींनी तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं, आणि जेवायला यायला त्या दिवशी त्यांना बराच उशीर झाला.